लांबचा नेम

आमच्या घरात बंदुकीच्या दारूचा वास पहिल्यांदा आणला तो मी. कॉलेजच्या रायफल क्लबातून रविवारी दुपारी घरी आले की आई मला दारातच थांबवायची आणि माझी ओढणी चिमटीत धरून नाकाशी न्यायची. "ह्यो कसलो वास गो? फटाक्यांचो?" असं म्हणून ती ओढणी थेट बादलीत टाकायची. घाटकोपरच्या टेकडीखाली आमची चाळ होती. दोन खोल्या, त्यातल्या आतल्या खोलीत मोरी आणि चूल, बाहेरच्या खोलीत बाबांची खाट आणि ट्रान्झिस्टर. शेजारच्या खोलीत कुणी खोकलं तरी आमच्याकडे समजायचं, आणि आमच्याकडे सुकटीला फोडणी बसली की शेजारचे कढी करायचा विचार सोडून वाटी घेऊन यायचे. बाबा साकीनाक्याला एका कारखान्यात लेथवर कामाला होते. घरात आई-बाबा मालवणीत बोलायचे, आम्ही बहिणी मुंबईची खिचडी बोलायचो. माझी मोठी बहीण नलूताई टेलिफोन ऑपरेटर होती आणि तिचा आवाज इतका गोड होता, की बाबा म्हणायचे, हिच्या आवाजावरच चांगलं स्थळ येईल. मला मात्र आवाज नव्हता, रंग नव्हता, पण पालथं पडून चाप ओढायला लागले की माझ्या पाच गोळ्या एका चार आण्याच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या. या गुणाचा लग्नाच्या बाजारात काही उपयोग नाही हे आईने मला लवकरच सांगून टाकलं होतं.

आमचे क्लबचे सर डिसोझा म्हणून होते. मरोळच्या गावठाणातले, कॉलेजात भूगोल शिकवायचे, आणि आमच्याशी अस्सल गावठाणी मराठीत बोलायचे. खाडीकडच्या मैदानाच्या टोकाला मातीचा उंच बांध घातलेला होता, त्यावर कागदाची निशाणं लावायची. वाळूची पिशवी, कोपराला रुतणारे खडे, रायफलीच्या लाकडी दस्त्याला लावलेल्या तेलाचा वास, आणि नळीच्या टोकावरची, नेम धरायची ती माशी, जी श्वासाबरोबर वरखाली होते आणि अर्धा श्वास सोडल्यावर क्षणभर थांबते. त्या क्षणात बोट असं दाबायचं, की गोळी सुटल्याचं आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे. माझ्या गोळ्या नाण्याखाली झाकल्या जायला लागल्या तेव्हा मी फुगले. सरांनी ते पाहिलं आणि मला मैदानाला पळत फेऱ्या मारायला लावल्या, आणि धापा टाकत असतानाच, आडवं न पडता, उभ्याने पाच गोळ्या मारायला सांगितल्या. नाण्याची बशी झाली. "आता हे खरं तुझं माप," ते म्हणाले. "अंतर चौपट केलंस की बशीची परात होते. जनावराचं काळीज-फुप्फुस परातीएवढं असतं का? मग तिथून मारायचं नाही. पुढे जा, नाहीतर घरी जा." एकदा कुणीतरी विचारलं, की सर, शिकारी तर पाचशे वारांवरून मारतात. सर इतके चिडले, की हातातला खडू त्यांनी मैदानात फेकला. म्हणाले, इथे झेंडा एकीकडे उडतो, मध्ये वारा दुसराच, तिथे तिसराच. गोळी तेवढी वाट चालताना खाली पडत जाते. आणि ती पोचेपर्यंत जनावराने एक पाऊल टाकलं तर? कागद पाऊल टाकत नाही रे बाबा.

परवा नलूताईचा नातू मला मोबाईलवर असलंच काहीतरी दाखवत होता. कुठल्या तरी परदेशातला डोंगर, जमिनीवर पसरलेला दाढीवाला माणूस, त्याच्या रायफलीवर दुधाच्या कॅनएवढी दुर्बीण, आणि किलोमीटरभर लांब उभं असलेलं हरीण. धडाम होतं, हरीण कोसळतं, आणि पाचसहा माणसं एकमेकांना टाळ्या देतात. "झकास ना, आजी? तू पण शूटर होतीस ना?" मी त्याला विचारलं, हा कितीदा चुकला ते दाखवतात का रे यात? तो हसला. म्हणाला, ते कोण बघणार! मी मोबाईल पालथा ठेवला. हा मुलगा गोड आहे, गल्लीतल्या मांजरांना खायला-बियला घालतो, पण कोसळण्याच्या आणि टाळ्यांच्या मध्ये काय असतं हे त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. लिहिताना बरं वाटणार नाही याची मला कल्पना आहे.

नलूताईला सांगून आलेलं स्थळ म्हणजे अविनाश. अंधेरीला त्यांची लाकडाची वखार होती, स्वतःची जीप होती, मूळ गाव आमच्या गावापासून दोन खाड्या पलीकडे. दिसायला देखणा, हसायला मोकळा, आणि पायातले बूट न काढता बाहेरच्या खोलीत खाटेवर बसायचा. बाबा त्याला "अविनाशराव" म्हणायचे आणि त्याच्याशी बोलताना एकदम पुस्तकी मराठी काढायचे. "आपण चहा घेणार ना?" असं बाबांच्या तोंडून ऐकलं की मला लाज वाटायची. आई मला बजावायची, आतापासून भावजी म्हणायची सवय कर. मी त्याला हाकच मारायची नाही. अविनाशला शिकारीचा नाद होता. तेव्हा शिकारीवर बंदी यायची होती, आणि हौशी माणसं सुट्टीला जीपमध्ये बंदुका टाकून ठाण्यापलीकडे जायची. त्याच्याकडे चुलत्याची जुनी विलायती रायफल होती आणि तिच्यावर नवी कोरी दुर्बीण बसवलेली. दर भेटीत एक तरी गोष्ट असायची. या डोंगरावरून त्या डोंगरावर, नदीपलीकडून, धुक्यातून. आणि दर वेळी अंतर वाढलेलं. आईने केलेले घावणे आणि नारळाचा रस ओरपत तो सांगायचा, "काकू, जवळून काय कोणीही मारतो. लांबून मारला तर खरा मर्द." बाबा मान डोलवायचे. नलूताई दारात उभी राहून ऐकायची, आणि ती लाजायची तेव्हा मला वाटायचं, हिला तो खरंच आवडतो. आवडतच होता. मी एकदा मध्येच विचारलं, की तुम्ही तेवढ्या अंतरावर कागद लावून कधी मारून बघितलंय का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू खाटेनेच प्रश्न विचारला होता. "कागद मारायला काय मी शाळेत जातो?" सगळे हसले. नलूताईसुद्धा.

साखरपुडा झाला आणि अविनाशने आम्हाला एका रविवारी सहलीला बोलावलं. मुलुंडच्या मागच्या डोंगराला वळसा घालून गेलं की त्याच्या मेहता नावाच्या मित्राची वाडी होती. आंबे, चिकू, थोडी भातशेती, आणि समोर दरी उतरून पलीकडे जंगलाने भरलेला उतार. आई घरी राहिली, बाबा आणि आम्ही दोघी गेलो. सकाळ छान गेली. वाडीवर कोंबडी शिजत होती, बाबा आंब्याखाली बाजेवर पेपर वाचत पडले होते. ऊन उतरणीला लागलं तशी पलीकडच्या उतारावर, झाडी संपून गवत सुरू होतं तिथे, एक सांबरीण चरायला बाहेर आली. नुसत्या डोळ्यांना ती तपकिरी ठिपक्याएवढी होती. अविनाश चढणीवरून धावत आला, रायफल काढली, आंब्याच्या फांदीच्या बेचक्यात टेकवली. धापा टाकत होता. मेहता म्हणाला, "पाचशे वार तरी असेल यार." अविनाश म्हणाला, "छे, साडेतीनशे." दोघांच्या अंदाजात दीडशे वारांचा फरक, आणि तेवढ्या अंतरात गोळी किती खाली पडते हे दोघांनाही माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. आमच्या पायाशी गवत डावीकडे झुकत होतं आणि पलीकडच्या पाड्यातला चुलीचा धूर उजवीकडे चालला होता. मला गप्प बसवेना. "वारा बघा," मी म्हटलं. "तिथला उलटा आहे. आणि ती चालतेय. खाली उतरून जवळ जा ना, वेळ आहे."

"मेहता, ऐक, आमची मेव्हणी नेम शिकवतेय," अविनाश म्हणाला आणि नलूताईकडे बघून त्याने डोळा मारला. मग त्याने डोळा दुर्बिणीला लावला. मेहताच्या हातातली दुर्बीण मी घेतली होती, म्हणून पुढचं मी नीट पाहिलं, आणि तेवढं पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. बार उडाला. सांबरिणीने त्याच क्षणी मान वर करून एक पाऊल पुढे टाकलं, आणि मग, बार उडून गेल्यावर, तिच्या तोंडातून काहीतरी पांढरं-लाल उडालं. ती पडली नाही. तिने डोकं जोरात झटकलं आणि तिच्या तोंडाचा खालचा अर्धा भाग लोंबत हलला. ती तशीच उभी राहिली. मग तिने मान खाली घातली. मला शपथेवर सांगावंसं वाटतं, की ती पुन्हा गवत खायला बघत होती. चरायला आलेलं जनावर ते, काय झालं हे त्याला कळलंच नव्हतं. मग ती वळली आणि झाडीत गेली.

"हुकली रे," मेहता म्हणाला.

"वाऱ्याने गोळी खाल्ली," असं म्हणत अविनाशने रायफल खांद्याला अडकवली. तो हसत होता.

"हुकली नाही. तिचा जबडा फुटलाय," मी म्हटलं.

"इथून तुला जबडा दिसला?"

ती वळायच्या आधीच मी दुर्बीण नलूताईच्या हातात दिली होती. ती झाडीकडे रोखून बघत होती. तिचा गोड आवाज अगदी कोरडा झाला होता. "मला पण दिसला," ती म्हणाली. "तिच्या मागे जायला हवं ना आता? तिला असंच कसं सोडायचं?"

अविनाशने घड्याळ बघितलं. खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा, पुन्हा वर चढायचं, म्हणजे अंधार होईल, आणि कोंबडी तयार आहे, असं तो म्हणाला. अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलांना सांगावं तसं. "अगं, जंगलातलं जनावर आहे. मरेल नाहीतर जगेल." मी उतरायला लागले. मागून नलूताई आली, हातात चपला घेऊन. आणि तिच्या मागून, ओरडत, धापा टाकत बाबा. उन्हात आम्ही तिघं तो उतार चढून गेलो तेव्हा गवतावर रक्त होतं, लाळ होती, आणि हाडाचे तुकडे दातांसकट पडले होते. त्यावर माश्या आधीच बसल्या होत्या. रक्ताची रेघ झाडीत शिरून करवंदीच्या जाळीत नाहीशी झाली होती. आमच्याकडे बंदूक नव्हती, कोयता नव्हता, काहीच नव्हतं. नलूताई जाळीशी उभी राहून ऐकत होती, काही हालचाल ऐकू येते का. बाबांनी ते तुकडे बघितले. त्यांचं तोंड वाकडं झालं, ते मी बघितलं. मग ते घसा खाकरून म्हणाले, "चला आता. पुरुषमाणसांच्या हौशीत आपण पडायचं नाय. आणि आईक यातलां काय सांगू नकात. उगाच चांगलां स्थळ हातचां जायत." वाडीवर परत आलो तेव्हा कोंबडी वाढली होती. अविनाशने स्वतःच्या हाताने बाबांच्या ताटात तंगडी घातली आणि बाबांनी ती खाल्ली.

पुढच्या रविवारी दुपारच्या आधी तो आमच्या दारात उभा राहिला, हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं मोठं पुडकं घेऊन. सोबत मेहता होता. चाळीतली पोरं जीपभोवती जमली होती. "काका, मिळाली ती!" तो उंबऱ्यातूनच ओरडला. "त्या दिवशीच ओढ्याकाठी पडलेली. एका गोळीत! मेहताच्या गड्यांना सापडली. म्हटलं, पहिला मान सासरचा." बाबा उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी त्यांनी ते पुडकं घेतलं. "वा वा, अविनाशराव! साडेतीनशे वारांवरून!" "साडेतीनशे काय, पाचशे," अविनाश म्हणाला. "मेहताला विचारा." पुडकं आतल्या खोलीत आलं. आईने पान उलगडलं, मांस हातात घेऊन उलटंपालटं केलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, वास घेतला. मासे-मटणाच्या बाबतीत तिला फसवणं कुठल्याच दुकानदाराला जमलं नव्हतं. ती समाधानाने म्हणाली, "ताजां आसा गो. कालचां, नायतर परवाचां."

मी आणि नलूताई एकमेकींकडे बघत राहिलो. गेल्या रविवारचं मांस या उकाड्यात आठवडाभर राहिलं असतं तर ते पुडकं चाळीच्या जिन्यातूनसुद्धा वर आणता आलं नसतं. म्हणजे ती परवापर्यंत जिवंत होती. पाच दिवस तरी, त्या तशा तोंडाने, चरता येत नाही, पाणी पिता येत नाही. नलूताई खाली बसली आणि तिने आईला सांगितलं. सगळं, हळू आवाजात, बाहेर ऐकू जाणार नाही असं. आईचा वाटण वाटणारा हात थांबला. मला वाटलं, आता ती उठेल. पण तिने पुन्हा वरवंटा धरला. "पावणे बाहेर बसले हत," एवढंच ती म्हणाली आणि वाटत राहिली. मला तिचीही शिसारी आली. भाजलेलं खोबरं, गरम मसाला, कांदा, असा आमच्या घरातला सर्वांत चांगला वास त्या खोलीत भरला, आणि मोरीशी जाऊन मी ओकले.

पानं मांडली. बाबा, अविनाश, मेहता ओळीने पाटावर बसले. आई सागुती, म्हणजे आमच्याकडचं वाटप लावलेलं मटण, वाढत होती आणि नलूताई वडे. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "लोण्यासारखं झालंय." अविनाश पुन्हा गोष्ट सांगायला लागला, बेचक्यात रायफल कशी टेकवली, वारा कसा हेरला. वारा कसा हेरला! नलूताईने वड्यांची परडी जमिनीवर ठेवली.

"ती कधी मेली?" तिने विचारलं.

"सांगितलं ना, त्याच दिवशी."

"मटण कालचं आहे. आईने बघितलंय."

अविनाशने मेहताकडे पाहिलं. मेहता पानाकडे बघायला लागला. मग अविनाश हसला, पकडल्या गेलेल्या माणसासारखं नाही, कौतुक ऐकून घेणाऱ्या माणसासारखं. "बरं बाबा, परवा. गड्यांनी ओढ्यात गाठली तिला, कुऱ्हाडीने मारावी लागली. फार काटक जनावर. तोंडात किडे पडले होते म्हणे, पण मांडीला काय झालंय? मांडी फर्स्ट क्लास आहे." आणि वर तिला म्हणाला, "पण एवढ्या लांबून लागली, हे तरी मान्य कर ना यार."

मी बाबांकडे बघत होते. त्यांच्या हातात घास होता, अर्धा उचललेला. त्यांनी तो खाली ठेवला असता तर मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं असतं. त्यांनी नजर खाली घातली आणि तो तोंडात घातला. चावला, गिळला, आणि वड्याचा तुकडा मोडून पुन्हा रश्शाला लावला. आज मी त्या वेळच्या बाबांपेक्षा वयाने मोठी आहे. दोन मुली, दोन खोल्या आणि बोटांत रुतलेला लोखंडाचा चुरा घेऊन जगणाऱ्या माणसाला चांगलं स्थळ म्हणजे काय वाटत असेल ते मला समजतं. समजतं, पण त्या घासाची किळस गेली नाही. अविनाशची तर मला नंतर आठवणही राहिली नसती. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो बाबांचा हलणारा जबडा.

"आणखी वाढा काकू," अविनाश म्हणाला.

आई चुलीशी टोप घेऊन उभी होती. टोप अर्ध्याहून जास्त भरलेला होता. ती जागची हलली नाही. तिच्या उभ्या आयुष्यात पानावर बसलेल्या माणसाला तिने नाही म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. "हात धुवन् घेवा," ती म्हणाली. "वाढूक काय रवलां नाय." त्याला वाटलं ती गंमत करते आहे. मग तिने टोप दोन्ही हातांनी उचलला, त्याच्या पानाशेजारून चालत बाहेर गेली, आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन चाळीच्या गटारात सगळी सागुती ओतून आली. शेजारणी दारात आल्या. आई परत येऊन म्हणाली, "आमची पोरगी तुमका देवची नाय." नलूताई भिंतीला टेकून उभी होती. बोटातली त्याने दिलेली अंगठी काढून तिने त्याच्या पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. अविनाश उठला. हात न धुताच, बोटांना रस्सा तसाच. जाताना बाबांना म्हणाला, "काका, एका जनावरासाठी?"

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. बाबा आईशी कित्येक दिवस बोलले नाहीत आणि आईला त्याचा फरक पडल्याचं दिसलं नाही. चाळीत महिनाभर चर्चा झाली, मग पाण्याच्या वेळा बदलल्या आणि लोक तिकडे वळले. अविनाशने अंधेरीत लाकडाच्या वखारीच्या जागी इमारती उभ्या केल्या असं कानावर आलं. नलूताईने पुढे बऱ्याच उशिराने तिच्याच ऑफिसातल्या एका जाड चष्म्याच्या माणसाशी लग्न केलं, आणि ते चांगलं झालं. मी क्लबात जात राहिले, कागदावर मारत राहिले, बक्षिसंही मिळाली. डिसोझा सरांना मी हे सांगितलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या गोळ्या परत घेतल्या आणि आम्हाला घरी पाठवून दिलं.

पण त्या रविवारी संध्याकाळी बाबा बाहेर निघून गेल्यावर आईने चूल पुन्हा पेटवली आणि भात आणि कुळथाची पिठी केली. आम्ही तिघी जमिनीवर बसून एकाच ताटात जेवलो. मी रागाने अविनाशला शिव्या देत होते, जितक्या येत होत्या तितक्या. नलूताई भात कालवत बसली होती. मग माझ्याकडे न बघता तिच्या त्या टेलिफोनवरच्या शांत आवाजात म्हणाली, "कुंदे, ती गोळी हुकली असती ना, तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं. आणि मी सुखात आहे, असं सगळ्यांना सांगितलं असतं."